बिनपावडरीचे गुडघे

कऱ्हाटीच्या झुंबरतात्यांना नवं औषध विकायचं म्हणजे दुकानदाराच्या नाकी नऊ यायचे. डाळिंबावर काहीही फवारायचं असो, तात्या बागेतली एक ओळ मुद्दाम औषधाविना कोरी ठेवणार, महिन्याभरानं दोन्हीकडची फळं ताडून बघणार आणि मगच दुसरी बाटली घेणार. या कोऱ्या ओळीनं कंपनीच्या भल्याभल्या माणसांची बोलती बंद केली होती, आणि खरं सांगायचं तर तात्यांना त्याचा भारी माज होता.

साठी उलटली तसे तात्यांचे आणि प्रयागबाईंचे, नवराबायको दोघांचेही गुडघे बोलायला लागले. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांध्यातली गादी झिजलीय. मांड्यांचे व्यायाम करा, उकिडवं बसणं बंद. पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं, अविराजनं, सांध्यांसाठी म्हणून कोलॅजेन पावडरचे दोन डबे पाठवले. डॉक्टर म्हणाले, "घ्या हवं तर. कुणाला थोडा आराम पडतो, कुणाला काहीच नाही. झिजलेलं भरून येईल असं मात्र धरून चालू नका."

झालं! तात्यांच्या डोक्यात बाग शिरली. "आधी मी एकटा घेतो," ते बायकोला म्हणाले. "तू तशीच ऱ्हा. तीन म्हैन्यांनी कळंल खरं काय ते."

प्रयागबाईंनी मान डोलावली. बागेतला हा हिशेब त्यांनाही पटत आलेला होता.

तात्यांनी रोज सकाळी दुधातून चमचाभर पावडर घेतली, खुर्चीत बसून व्यायाम केले, उकिडवं बसायचं नाही म्हणून गाईंच्या धारा काढणं सोडलं. गुडघा खरंच हलका झाला. इकडे प्रयागबाईंना उंबरा ओलांडतानाही चौकट धरावी लागायला लागली.

"बघ, लागू पडली पावडर!" तीन महिने भरले त्या सकाळी तात्या खुशीत म्हणाले. "उद्यापासनं दुसरा डबा तुझा."

दुधाची बादली घेऊन गोठ्यातून येणाऱ्या प्रयागबाई जागीच थांबल्या. "मला कोरं ठिवलं, ठिवलं. पन कोऱ्या वळीला पानी-खत तरी बाकीच्यांइतकंच देता नव्हं तुमी? तुमच्या वाटच्या धारा तीन म्हैनं कुनी काढल्या, उकिडवं बसून?"

तात्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी ढोबळ चूक त्यांनी आजवर कुठल्या झाडाच्या बाबतीत केली नव्हती. त्यांनी पुढं होऊन बायकोच्या हातातली बादली घेतली आणि तिला आपल्या खुर्चीत बसवलं.

"अजून दोन गाई ऱ्हायल्यात," प्रयागबाई म्हणाल्या.