एनेइदाच्या बैठकीतली डॉज

एनेइदाच्या घरी गेलं की आधी गाडीला वळसा घालावा लागायचा. बैठकीच्या खोलीत विटांवर चढवलेली त्रेपन्न सालची हिरवी डॉज उभी होती आणि गाडी आणि भिंत यांच्यात जेमतेम एका माणसापुरती वाट. बसायचं तर गाडीतच. मी कितीदा तरी तिची कॉफी पुढच्या सीटवर बसून प्यायले आहे. ती स्टिअरिंगमागे, मी शेजारी, आणि काचेतून समोर भिंतीचा उडालेला रंग.

गाडी तिच्या नवऱ्याची, ओस्वाल्दोची. चौऱ्याण्णव साली आमच्या कार्देनासच्या किनाऱ्यावरून कितीतरी माणसं तराफ्यांवर बसून मायामीकडे गेली, त्यांत तोही गेला. जाताना म्हणाला, "गाडी विकू नकोस. गाडी आहे तोवर मी येणारच." मी समोरच राहते आणि फोन तेव्हा गल्लीत फक्त माझ्याकडे होता, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांवरून गेलं आहे. तो सणासुदीला फोन करायचा. पहिला प्रश्न ठरलेला.

"इंजिन फिरवतेस ना?"

"दर शनिवारी," एनेइदा सांगायची.

खोटं नव्हतं ते. दर शनिवारी ती प्लग काढून आत तेल सोडायची आणि लांब पान्याने इंजिन हाताने फिरवायची, जाम होऊ नये म्हणून. गिऱ्हाइकं दारात यायची. तिचे पुढचे दात गेले, तेव्हा तिने गाडी विकली नाही. मायलेन पंधरा वर्षांची झाली, आमच्याकडे भिकाऱ्याची मुलगीसुद्धा त्या दिवशी नवा झगा घालून नाचते, मायलेन घरातच बसली, तेव्हाही विकली नाही.

मायलेन तिची एकुलती मुलगी. ती वाढली मागच्या सीटवर. पाय लांब झाले तशी गुडघे दुमडून झोपायला लागली. पुढे लग्न झालं ते लिव्हानशी. त्यांचा संसार सासूच्या घरात, मधल्या बोळात, पडद्यामागे. दिवस गेल्यावर ती आईकडे आली.

"आई, ही खोली मला दे. बाळाला तिथं पाळणा टांगायलाही जागा नाही."

"आणि गाडी कुठं ठेवू? डोक्यावर?"

"विकून टाक."

"तुझ्या बापाला काय तोंड दाखवू?"

"ते बघायला येतायत कुठं तुझं तोंड?"

एनेइदाने तिच्या थोबाडीत मारली. पाचवा महिना होता तेव्हा पोरीला.

आणि मग ओस्वाल्दोचा खरंच फोन आला, की येतोय, गाडी रस्त्यावर काढायची आहे. दोघी मायलेकी सारख्याच आनंदल्या. एनेइदाने केस रंगवले. मायलेनने पडदे शिवायला घेतले. एकीला तो यायला हवा होता, दुसरीला त्याने आपलं धूड घेऊन जायला हवं होतं.

तो आला तो प्लग, गॅस्केटं, रबरी नळ्या, ब्रेकचं सामान असं सगळं बॅगा भरून घेऊन. एनेइदासाठी सपाता आणल्या होत्या, एक माप लहान.

"पाय वाढले तुझे," तो म्हणाला.

सगळी गल्ली दारात जमली होती. त्याने गाडीवरची चादर ओढली, सावकाश फेरी मारली, मग बायकोकडे बघितलं. "दोघींत हीच बरी राहिली," म्हणाला. आम्ही हसलो. एनेइदाही हसली, तोंडावर हात धरून.

मेकॅनिक फेर्मिन दुसऱ्या दिवशी आला. त्याने पाना लावून जोर दिला, तर इंजिन पाळण्यासारखं फिरलं.

"वीस वर्षं उभी ही? शक्य नाही," तो म्हणाला. "मी दोन महिने धरून चाललो होतो. हिला कुणीतरी लेकरासारखं सांभाळलंय. आठवड्याभरात देतो तुला रस्त्यावर."

एनेइदा कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. ओस्वाल्दोने तिचा गाल थोपटला. "शाब्बास. ऐकलंस ना? आठवडाभर."

त्यानंतर वस्तू हरवायला लागल्या. आधी पंख्याचा पट्टा, तो कपड्यांच्या गाठोड्यात सापडला. मग नवे प्लग, ते न्हाणीघरात. शेवटी कार्बोरेटरमधला जेट गेला. छिद्र असलेली पितळेची बारीकशी सोंगटी, पण तिच्याशिवाय इंजिनाला पेट्रोल बेताने मिळत नाही आणि त्या डॉजची दुसरी कार्देनासमध्ये शोधून सापडली नाही. ओस्वाल्दोने शिव्या दिल्या, चादरी झटकल्या, फेर्मिनला चोर म्हणाला. शेवटी त्याने तिकीट पुढे ढकललं.

ते दिवस एनेइदाचे. ती डुकराचं मटण करायची, तो माझ्या दारात डॉमिनो खेळायचा, आणि ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला जेवायला हाक मारायची. तो उठायचा नाही. ती पुन्हा हाक मारायची. हाक मारण्यातच तिचं पोट भरत होतं.

रविवारी मायलेन आली. स्वयंपाकघरात काळ्या, शेंगदाण्याएवढ्या घेवड्याच्या दाण्यांचं ताट मांडीवर घेऊन खडे निवडत बसली. मी लसूण सोलत होते. तिची बोटं थांबली.

"ते ठेव तिथं," एनेइदा मागे वळूनही न बघता म्हणाली.

"आई, मला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे."

"ठेव म्हणते ना. आणखी चार दिवस. राहतोय तो. आता सवय होईल त्याला घराची."

"त्यांना सवय होणार? ते तुला नावाने हाक तरी मारतात का?"

ती उठली. गाडीशेजारून पुढच्या दाराकडे जायला निघाली, पण पोट त्या वाटेत मावेना. तशीच अडकून उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, तुमचा जेट घेवड्यात होता. घ्या."

ओस्वाल्दो आला. त्याने जेट शर्टाला पुसला, डोळ्याशी धरून छिद्रातून उजेड बघितला. एनेइदाला मारील असं मला वाटलं होतं. तो नुसता बायकोकडे बघून म्हणाला, "फेर्मिनला बोलवा. आणि हिला चुलीपाशी जाऊ देऊ नका, माझ्या जेवणात काय घालील सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी गाडी चालू झाली. धुराने घर भरलं. हवानाच्या एका माणसाला ती विकायची हे त्याने विमानात बसायच्या आधीच ठरवलेलं होतं. फेर्मिनला ठाऊक होतं, म्हणजे सगळ्यांनाच होतं. त्याने दोन्ही दारं सताड उघडून ती रस्त्यावर काढली. एनेइदा चांगला झगा घालून फूटपाथवर उभी.

"मी येते हवानापर्यंत. बसने परत येईन."

"मागं टायर ठेवलेत."

"पुढं बसते की."

"पुढं फेर्मिन. वाटेत बंद पडली तर तू काय करणार, घेवडा निवडणार?"

फेर्मिन खाली बघत पुढे बसला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत एनेइदाने हात हलवला.

दुपारी लिव्हान आणि मायलेन घोडागाडीत पलंग घालून आले. वर पडदे, पाळण्याच्या दांड्या, पातेली. एनेइदा गुडघ्यांवर बसून रॉकेल आणि भुशाने फरशी घासत होती. ती खोली एवढी मोठी आहे हे मला तेव्हाच कळलं.

"पलंग खिडकीपाशी लावू का, आई?" मायलेनने विचारलं.

"कुठंच नको."

"म्हणजे?"

"तो येईल तेव्हा दुसरी गाडी आणेल. ती कुठं ठेवायची?"

"आई, ते येणार नाहीत."

"इथं होता तो. काल जेवला इथं. तू ओरडली नसतीस तर आजही जेवला असता." एनेइदा फडकं पिळत होती, आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुला त्याला घालवायचं होतं ना? गेला. आता घरी जा."

लिव्हान पलंगाचं एक टोक धरून उभा होता. मी म्हटलं, "एनेइदा, अगं, तिचे दिवस भरत आलेत."

"मग तुझ्याकडे ने. तुझ्याकडे आहे ना जागा?"

माझ्याकडे नव्हती.

मायलेन उंबऱ्यावर आली आणि आत पाय टाकणार, तेवढ्यात एनेइदाने बादली तिच्यापुढे सरकवली.

"ओलं आहे," ती म्हणाली, आणि आधी एक दार लावलं, मग दुसरं.