सुभेदारांची कोरडी बोट

चार शहाणे एकत्र आले, की काम होवो न होवो, किस्से मात्र पोत्यानं होतात. आमच्या बोटीचे तर इतके झाले, की आजही कुणी नुसतं 'बोट' म्हटलं तरी माझी बायको उठून आत जाते!

सत्तरच्या आसपासचं साल होतं. साताऱ्यात माझं लेथचं छोटंसं वर्कशॉप होतं. तिथं चहाला जमणारे आम्ही चौघं. फौजेतून रिटायर झालेले सुभेदार, त्यांचे शेजारी वकीलसाहेब, वाद्यं पोचवायला मिरजेहून येणारे तंबोरे करणारे हुसेनभाई आणि मी. चौघांतल्या एकालाही पोहता येत नव्हतं. आणि आम्ही बोट घेतली!

कोयनेच्या धरणाच्या पाण्यावर पूर्वी साहेब लोक हिंडायचे, ती लाकडी लाँच. वर केबिन, आत झोपायला दोन बाकं. भूकंपात तिच्यावर शेड पडली आणि ती तिथंच राहिली. भंगारात निघाली तशी सुभेदारांनी उचलली. कारण साधं होतं. काकींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, माहेर धरणाच्या पलीकडच्या काठाला. पाणी भरलं आणि वाट बुडाली. सरकारी लाँच त्या अंगाला फिरकत नव्हती आणि डोंगरातून वळसा घालायला काकींचे गुडघे तयार नव्हते. पलीकडं त्यांचे वडील होते, आबा. त्यांची नजर जात चालली होती. निरोप आला होता, "ठकूचं तोंड दिसतंय तवर तिला आणा."

"आणतो!" सुभेदार म्हणाले. "माझ्या स्वतःच्या बोटीतून आणतो!"

झालं. तिथून आमचा तमाशा सुरू झाला.

* * *

पहिला रविवार. बोट ढिगाऱ्याखालून काढायची होती. गावातले दहा-बारा गडी आले होते. ते सरळ हात लावून मोकळे झाले असते, पण सुभेदारांना ते कसं चालेल? त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. सावधान, विश्राम, सगळं झालं. मग स्वतः पुढं होऊन, पाठ फिरवून, खड्या आवाजात, "उठाव! एक-दो-एक! एक-दो-एक!"

गडी लयीत चालले. काय शिस्त होती म्हणून सांगू! शंभर पावलांवर सुभेदार थांबले, गर्रकन वळले आणि "शाब्बास!" म्हणाले.

गड्यांच्या खांद्यावर नुसती केबिन होती. बोट मागं ढिगाऱ्यातच.

"मग बोलला का नाहीत?" सुभेदार कडाडले.

एक गडी म्हणाला, "तुमीच म्हनला न्हवं, रांगेत त्वांड उघडायचं न्हाई!"

* * *

हुसेनभाई माणूस हिऱ्यासारखा, पण त्यांची उभी हयात लाकूड वाळवण्यात गेलेली. त्यांनी बोटीवर टिचकी मारली, कान लावला आणि खिन्न झाले. "ओली आहे. आवाज दबलाय. हिला वाळवा."

"किती?"

"आवाज सुटेपर्यंत."

आम्ही बोट बाहेर काढून केबिन पुन्हा बसवली होती, वर पत्रे घातले आणि तिला वाळवली. उन्हाळाभर वाळवली. हुसेनभाई दर खेपेला मिरजेहून येणार, टिचकी मारणार, मान हलवणार. एके रविवारी टिचकी मारली आणि चेहरा फुलला. "वा! आता बोलायला लागली!"

बोलणारच! फळ्याफळ्यांच्या मधे विडी सरळ आरपार जात होती. वकीलसाहेबांनी घालूनही दाखवली आणि म्हणाले, "व्हेंटिलेशन उत्तम आहे."

आणि काठावर काकी गाठोडं घेऊन बसलेल्या. दर रविवारी आमच्याबरोबर वकिलांच्या जीपनं यायच्या. आम्हाला पिठलं-भाकरी वाढायच्या आणि पलीकडं बघत बसायच्या. गाठोड्यात आबांसाठी तंबाखू आणि नवं धोतर. संध्याकाळी गाठोडं पुन्हा जीपमध्ये. तंबाखूचा पार भुगा झाला होता.

* * *

पलीकडची माणसं रोज अलीकडं येत होती, हे सांगायचं राहिलं. डांबराची रिकामी पिंपं दोरानं बांधायची, वर फळ्या टाकायच्या आणि बांबूनं वल्हवत यायचं. मीठ, रॉकेल, शेरडं, सगळं त्याच्यावरून जायचं. काकींचा भाऊच तो तराफा हाकायचा.

काकी एकदा हळूच म्हणाल्या, "आवं, मी ह्याच्यावरनं जाऊन येऊ का? आबा वाट बगत असतील."

सुभेदार लाल झाले. "सुभेदाराची बायको डांबराच्या पिंपावर बसून माहेरी जाणार? लोक काय म्हणतील? इज्जतीचा सवाल आहे!"

काकींनी गाठोडं पुन्हा मांडीवर ओढलं. लोक काहीही म्हणत नव्हते हो! लोक तराफ्यावर बसून बाजारला चालले होते. मला इतका राग आला, की मी पाना खाली टाकला. त्याचा आवाज झाला, तेवढाच माझा निषेध.

* * *

बोटीला पॉलिश झालं. तंबोऱ्याचं पॉलिश, हुसेनभाईंनी जीव ओतून केलेलं. आरशासारखं! तोंड बघून घ्यावं. सुभेदारांनी लगेच पाटी लावली, 'पादत्राणे काढून चढावे.' पाय धुवायला बादलीसुद्धा ठेवली.

मी आत इंजिन बसवत होतो. उसाच्या रानातलं, पाणी उपसायचं जुनं इंजिन. ग्रीसनं माखलेला मी, आणि दर वेळी पाना आणायला उतरलो की पाय धुवा!

काकींना वाटलं, आपण जरा आत बसून बघावं. त्यांनी एक पाऊल ठेवलं मात्र, सुभेदार ओरडले, "वहाणा!"

काकींनी वहाणा काढल्या. पाय धुतले. ओलं पाऊल फळीवर उमटलं.

"अगं, पुसून!"

काकी उतरल्या. त्यानंतर त्या बोटीत चढल्या नाहीत.

* * *

मग ट्रायल. बोट पाण्यात ढकलली आणि ती चाळणीसारखी भरली. काठालगतच बसली, केबिन तेवढी वर. सगळे हळहळत घरी गेलो.

पुढच्या रविवारी पाणी उपसलं तर काय! एक थेंब आत येईना. लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं, फटी आपोआप मिटल्या होत्या. बोट बदकासारखी डुलत होती. मी इंजिन खोलून, पुसून पुन्हा जोडलं, तेही सुरू झालं.

काकी गाठोडं घेऊन उभ्याच राहिल्या. "चला की मग!"

"अशी कशी?" वकीलसाहेब म्हणाले. "उद्घाटन नाही, हार नाही, पाहुणा नाही. आणि पॉलिश बघा, पांढरं पडलंय! फोटोत काय दिसेल?"

हुसेनभाईंना तर बघवेना. "पुन्हा ओली झाली हो!"

सुभेदारांनी बोट बाहेर ओढायला लावली. वाळवायला!

काकी म्हणाल्या, "आवं, कुदळीचा दांडा ढिला झाला की आपन कुदळ पान्यात टाकतो न्हवं? तसंच हाय की हे."

"कुदळ वेगळी आणि बोट वेगळी," वकीलसाहेब म्हणाले.

चौघांच्याही घरी कुदळी होत्या. चौघंही त्या भिजवत होतो. आणि तरी आम्ही बोट पुन्हा कडकडीत वाळवली!

* * *

शेवटी उद्घाटन. मांडव, लाउडस्पीकर, हार. सुभेदार युनिफॉर्ममध्ये, छातीवर मेडलं, पायात आरशासारखे बूट. काकी इरकली नेसून, मांडीवर गाठोडं घेऊन पहिल्या रांगेत. त्या दिवशी त्यांच्या तोंडावर जे होतं ते बघून मलाही क्षणभर वाटलं, आज जाते बोट.

बोट पाण्यात सोडली. सुभेदारांनी नारळ उचलला आणि बोटीच्या नाकावर हाणला. फळी फुटली. नारळ तसाच!

"मजबूत नारळ आहे," हुसेनभाई म्हणाले.

वकीलसाहेब अनवाणी बोटीत उभे राहून भाषण करत होते. फुटक्या फळीतून पाणी, वाळलेल्या फटींतून पाणी. त्यांच्या घोट्यापर्यंत आलं, पोटऱ्यांपर्यंत आलं. "ही नौका म्हणजे आपल्या जिद्दीचं प्रतीक..." म्हणताना माईक गेला. त्यांना गड्यांनी ओढून काढलं. बोट फुर्रर्र करून तळाला बसली.

कुणी हसलं नाही. काकींचं तोंड बघून हसायची छाती कुणाची?

तेवढ्यात पाण्यावरून तराफा येताना दिसला. काकींचा भाऊ बांबू मारत होता आणि मधोमध, पिंपांवर टाकलेल्या घोंगडीवर एक म्हातारा बसला होता, काठी उभी धरून.

आबा!

तराफा काठाला लागला. म्हाताऱ्यानं मान इकडंतिकडं फिरवली. "कुटं हाय माजी ठकू?"

काकी गुडघे विसरून पाण्यात उतरल्या. आबांनी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं, अगदी डोळ्यांजवळ आणलं आणि बराच वेळ बघत राहिले. "दिसतीस गं. वाईच दिसतीस. म्हनलं, जावयाची बोट कवा येती कुनास ठावं, आपनच जाऊन यावं."

काकी रडत होत्या. खरं सांगतो, लाउडस्पीकरवालाही रडत होता.

मग त्यांनी डोळे पुसले, गाठोडं तराफ्यावर टाकलं आणि आबांच्या शेजारी जाऊन बसल्या. कुणाला विचारलं नाही. भावानं बांबू उचलला.

सुभेदार मेडलं घालून काठावर उभे. इतकी वर्षं फौजेत हुकूम सोडलेला माणूस. शेवटी टोपी काढून म्हणाले, "मी... मी येऊ का?"

काकींनी तराफ्याकडं बघितलं. डांबरानं बरबटलेली पिंपं, शेरडांच्या लेंड्या पडलेल्या फळ्या. मग नवऱ्याकडं बघितलं.

"या की. पर बूट काडून."

सुभेदार खाली वाकले आणि नाड्या सोडायला लागले.