नवरीला मामाच उचलणार

माझ्या अंगात स्नायू नाहीत, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माझ्या आधी कळली होती. मला ती कळली भाचीच्या लग्नात, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका मंगल कार्यालयात, दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या साक्षीने.

पन्नाशीला आलेल्या पुण्याच्या माणसाला एक तर गुडघे धरतात, नाहीतर छंद लागतो. मला पळण्याचा छंद लागला. रोज पहाटे नारायण पेठेतून निघायचं, नदीकाठाने पळत सुटायचं आणि घामाघूम होऊन परत आलं की न पळणाऱ्या समस्त मानवजातीकडे दयेने पाहायचं (व्यायामाचा हा भाग मी एक दिवसही चुकवला नाही). वर्षभरात पोट गेलं. त्याचा आनंद साजरा करतोय तोवर दंड गेले, खांदे गेले, छातीही निघून गेली. बनियन मी घातलंय की दोरीवर वाळत टाकलंय, हे लांबून सांगता येईना. मला मात्र वाटायचं, काय सडसडीत झालोय!

माझी भाची ऋचा, ताईची एकुलती एक मुलगी, जिममध्ये वजनं उचलते. एकदा घरी आली तेव्हा तिने माझा दंड दोन बोटांत धरून पाहिला.

"मामा, नुसतं पळून स्नायू टिकत नाहीत रे. जे वापरत नाहीस ते शरीर सोडून देतं. थोडी वजनं उचल, निदान जोर तरी काढ."

"पळणं हा संपूर्ण व्यायाम आहे," मी म्हणालो. "हरणाला कधी जोर काढताना पाहिलंयस?"

"हरणाला कोणी माळ्यावरून गव्हाचा डबा काढायला सांगत नाही," स्वयंपाकघरातून ही म्हणाली. (ही म्हणजे माझी बायको. ती नुसतं उदाहरण देऊन थांबत नाही.) मला लगेच स्टुलावर चढवण्यात आलं. डबा छातीपर्यंत आला आणि माझे हात असे थरथरायला लागले की झाकण वाजू लागलं.

"स्टूल हलतंय," मी म्हणालो.

"स्टूल ठणठणीत आहे. हलतंय ते त्याच्या वरचं."

शेवटी ऋचाने हात वर करून डबा अलगद उतरवून घेतला. मी खाली उतरलो आणि स्टुलाचा एक पाय कसा आखूड आहे, हे दोघींना समजावून सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

पुढे ऋचाचं लग्न ठरलं. मुलगा विक्रांत, तिच्याच कंपनीतला, स्वभावाने गोड. घरची मांजरीला उसाची शेती. साखरपुड्याच्या जेवणात त्याचे चुलते, तात्या, मिश्किलपणे म्हणाले, "आमच्यात हार घालायच्या येळी पोरं नवरदेवाला खांद्यावर घेत्यात. मग नवरी खालून विनवण्या करती, अहो, खाली या ना. पयली मान ज्यानं वाकवली, त्यो जन्मभर वाकला."

सगळे हसले. ऋचा हसली नाही. "मी विनवण्या करणार नाही," ती म्हणाली. "मलाही उचलायला माणूस असेल. जिममधली माझी मैत्रीण आहे."

इथे मी जिलबी खात गप्प बसायला हवं होतं. पण हरणाला वाचा फुटली.

"मैत्रीण कशाला? नवरीला मामाच उचलणार. मान आहे तो मामाचा."

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि न विचारता माझ्या ताटात आणखी दोन जिलब्या वाढल्या.

लग्नाच्या दिवशी मी फेटा बांधून, ऋचाला धरून बोहल्यापाशी आणलं. ती हळूच म्हणाली, "मामा, नक्की ना? मैत्रीण इथेच उभी आहे. सगळ्यांसमोर हसं व्हायला नको रे."

"तू फक्त हार नीट धर."

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला आणि उसाच्या फडात वाढलेल्या चार पोरांनी विक्रांतला असा वर घेतला की त्याचा फेटा झुंबराला लागला. शिट्ट्या वाजल्या. मी खाली वाकलो, ऋचाच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि जोर लावला. पायांनी चोख काम केलं, ते घट्ट उभे राहिले. कमरेच्या वरून मात्र काहीच उत्तर येईना. ऋचा मुळातच घोटीव अंगाची, त्यावर जरीचा शालू आणि ताईने हौसेने घातलेले दागिने. मी डोळे मिटून पुन्हा जोर लावला.

"येतंय, येतंय," मी कण्हलो.

"काही येत नाहीये, मामा," वरून आवाज आला. "मी जमिनीवरच आहे."

"पाव्हणं, सोडा आता," तात्या काळजीने म्हणाले. "लचक भरंल कुठंतरी."

मी सोडलं नाही. पुणेरी माणूस एकदा चुकला की नेटाने चुकतो. शेवटचा हिसका दिला. ऋचा होती तिथेच राहिली आणि मी तिच्या शालूवरून घसरत अक्षतांच्या सड्यात आडवा झालो. फेटा गडगडत गुरुजींच्या पायाशी गेला. वर पाहिलं तर पोरीच्या डोळ्यांत पाणी. माझ्या फुशारकीपायी आता तिला भर मांडवात विनवण्या कराव्या लागणार होत्या. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरे, मामा पडले! उतरवा मला," विक्रांत ओरडला. पोरांनी खाली घेताच तो धावत आला, माझ्यावर ओणवा झाला. "मामा, लागलं का?"

त्याची मान ऋचाच्या अगदी हाताशी आली होती. तिने डोळे पुसले आणि हार घातला.

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "आयला, मामानी डाव टाकला की! पडून पाडलं पोराला."

टाळ्यांनी कार्यालय दणाणलं. ताई धावत आली. "बाळू, हे तू आधीच ठरवलं होतंस?"

"म्हणजे काय," मी आडव्यानेच म्हणालो आणि विजयी वीरासारखा एक हात वर केला (तेवढाच उचलला गेला). ऋचा हसत होती, आणि ते पाहून मला दुखणं कमी झाल्यासारखं वाटलं. हिने पर्समधून मलमाची ट्यूब काढली. ती घरूनच आणलेली होती.

आता माझी कीर्ती पसरली आहे. परवा वाघोलीहून तात्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ आले. मुलीचं लग्न आहे, नवऱ्याचे मित्र धिप्पाड आहेत, मामा म्हणून तुम्हीच उभे राहा, म्हणाले. "उचलायचं काय न्हाय. तुम्ही निस्तं पडायचं."

मी गंभीरपणे कॅलेंडर पाहू लागलो.

"पाठवते की यांना पडायला," चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत ही म्हणाली. "पण नंतर उचलून घरी आणायची जबाबदारी तुमची."

"त्याची काळजी नको, वहिनी. चार माणसं ठेवतो."

"चार कशाला?" ही म्हणाली. "करवलीला सांगा. पुरे तेवढं."