रविवारी गोळीला सुट्टी

लोक म्हणतात, वय वाढलं की माणसाच्या पोटात काही राहत नाही. आमच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही, तर किस्से कुठून राहणार! कोलकात्यात आम्ही चार मराठी घरं दर रविवारी कुणा एकाकडे नाश्त्याला जमतो. चारही घरांत ब्लड प्रेशर आहे आणि त्यासाठी डॉक्टरांनी दिलेली एक बारकी पांढरी गोळी आहे. डॉक्टर तिला 'डाययुरेटिक' म्हणतात. आम्ही सरळ लघवीची गोळी म्हणतो. पूर्वी आमच्या गप्पांत बदल्या, प्रमोशनं आणि मुलांचे मार्क असत. आता एकच विषय, आणि तो दर तासाला उठून जातो!

*

पहिला रविवार आमच्याकडे बेहालाला होता. गोळी सगळ्यांनी सकाळी आठला घेतलेली. दहा वाजता पोह्यांच्या बशा हातात आल्या आणि दहा वाजून पाच मिनिटांनी बाथरूमच्या दाराशी चार माणसं उभी. त्यात यजमान म्हणजे मी, चौथ्या नंबरावर!

"सोहोनी, तुम्ही बँकेत होतात ना? मग टोकन सिस्टिम तरी ठेवायची," आतून आवाज आला.

त्याच दिवशी आवाजी मतदानानं ठराव झाला की रविवारी गोळीला सुट्टी. विरोधात एकच मत पडलं, नेने वहिनींचं. "डॉक्टरांनी रोज सांगितलंय, तर रोज. उद्या हृदयालाही रविवारी सुट्टी द्याल!" असं म्हणून त्यांनी पर्समधून गोळी काढली आणि आमच्यादेखत गिळली. आम्ही त्यांच्याकडे वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलीकडे बघतात तसं बघितलं.

*

वहिनींचे यजमान मधुकर नेने संरक्षण खात्यातून रिटायर होऊन बराकपूरलाच राहिले. आमच्याकडे यायचं तर शियालदाची लोकल, आणि त्या लोकलला बाथरूम नाही. म्हणून आठवड्याच्या मधे कधी शहरात काम निघालं की नेने प्रवास करत नाहीत, स्टेशनं तपासतात. खडदहला उतरायचं, मागची गाडी पकडायची, सोदपूरला उतरायचं, मागची गाडी पकडायची. कुठल्या प्लॅटफॉर्मच्या कुठल्या टोकाला सोय आहे आणि तिथली कडी लागते की नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे.

एकदा त्यांच्या लक्षात आलं की धोतर नेसलेले एक बंगाली गृहस्थ त्यांच्याबरोबरच खडदहला उतरले. सोदपूरलाही उतरले. नेने जरा सावध झाले, पाकीट आतल्या खिशात सरकवलं. बेलघरियाला दोघं पुन्हा एकाच वेळी उतरले आणि एकाच दिशेनं झपाझप चालू लागले. शेवटी ते गृहस्थच वळले आणि अतिशय आदरानं म्हणाले,

"दादा, आपनार कत मिलिग्राम?" तुमची किती मिलिग्रामची?

*

आमच्याच इमारतीत वर जोगळेकर राहतो. आयटीत आहे, आमच्यात वयानं सगळ्यात लहान, पण प्रेशर सगळ्यात मोठं. तो घरून काम करतो आणि सकाळी दहा ते बारा परदेशातल्या साहेबाबरोबर मीटिंग असते. गोळीची वेळ बदलून घे म्हटलं तर, "डॉक्टरांना असलं काय विचारायचं!" ज्या माणसाला शरीरातली प्रत्येक नळी दाखवून झालीय, त्याच्यापुढे याला लाज!

त्यानं आपला उपाय काढला. बरोबर अकराला "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय," म्हणायचं, कॅमेरा बंद करायचा आणि पळायचं. साहेब बिचारा सज्जन. त्यानं कंपनीच्या खर्चानं नवा राउटर पाठवला. तरी अकराला आवाज तुटला. मग दुसरी लाइन टाकून दिली. तरी अकराला तुटला. शेवटी साहेबानं तक्रार नोंदवली आणि इंटरनेटवाला माणूस यंत्रं घेऊन सकाळपासून जोगळेकरच्या मागे स्टूल टाकून बसला. साडेअकराला त्यानं साहेबाला फोनवर रिपोर्ट दिला,

"सर, लाइन एकदम ठीक है. आदमी ही उठके चला जाता है!"

*

बागबाजारचे बर्वे हे आमचे इतिहासतज्ज्ञ. मराठ्यांना अडवायला इंग्रजांच्या काळात जिथे खंदक खणला, तिथेच आपण मराठी माणूस भाड्यानं राहतो, याचा त्यांना भारी अभिमान. प्रत्येक पाहुण्याला ते खिडकीतून तो नसलेला खंदक दाखवतात.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. रक्त तपासलं तर गोळीनं पोटॅशियम उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, केळी खा, डाब प्या. डाब म्हणजे इथलं शहाळं. मी सुरू केलं. बर्व्यांनी ऐकलं आणि मित्रप्रेमानं त्यांनीही सुरू केलं. रोज दोन डाब, चार केळी. त्यांची गोळी वेगळ्या जातीची होती, पोटॅशियम बाहेर घालवणारी नव्हे, धरून ठेवणारी! महिन्यानं रिपोर्ट बघून त्यांचे डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

"आप खाते क्या हैं?"

"सोहोनी जो खाते हैं," बर्वे म्हणाले.

"तो फिर ब्लड भी सोहोनी का ही भेजना था!"

*

आता नेने वहिनींबद्दल सांगायला हवं. आमच्या चार घरांची डायरी म्हणजे वहिनी. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या सुनेचं माहेर, कुणाला कुठली गोळी किती वाजता, सगळं त्यांच्या डोक्यात. आम्ही आमची प्रिस्क्रिप्शनं हरवायचो आणि वहिनींना फोन करायचो.

पावसाळ्यानंतर त्या चुकायला लागल्या. माझ्या बायकोला, शैलाला, एकाच फोनवर दोनदा विचारलं, "आज काय केलंस?" एका शनिवारी एकट्याच डबा घेऊन आमच्या दारात उभ्या, रविवार समजून. आम्ही हसलो. "वहिनी, तुमच्याही मेमरीला आता सुट्टी!" हे माझं वाक्य. मला त्याची अजून लाज वाटते.

त्यांना शोधत मागोमाग आलेले नेने मात्र हसले नाहीत. खाली पान खायला म्हणून मला बाहेर घेऊन गेले आणि पान न घेताच म्हणाले, "सोहोनी, ही मला विसरली तर? मला माझी गोळी कुठली तेसुद्धा माहीत नाही हो. तीच हातावर ठेवते." चाळीस वर्षांत त्या माणसाचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात वहिनी सकाळी सातला डबा भरून जिन्यात उभ्या राहिल्या. मुलाची शाळेची बस चुकेल म्हणून घाई करत होत्या. मुलगा टोरांटोला असतो, त्याचे केस पिकलेत.

बराकपूरच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. रक्तातलं सोडियम पार तळाला गेलेलं. डॉक्टरांनी चौकशी केली. गोळी? एक दिवस चुकवली नाही. मीठ? प्रेशर म्हणून पूर्ण बंद, वरणातसुद्धा नाही. पाणी? आरोग्याला चांगलं म्हणून मोजून बारा ग्लास. गोळी चुकवणारे, लोणचं चोरून खाणारे, डॉक्टरांशी खोटं बोलणारे आम्ही सगळे ठणठणीत बाहेर बाकावर बसलो होतो. आत सलाईन लागलं होतं ते एकट्या आज्ञाधारक पेशंटला!

"सोडियम वर आलं की बहुतेक ताळ्यावर येतील," डॉक्टर म्हणाले. "नाही आल्या, तर मग स्मृतिभ्रंशाचा विचार करावा लागेल." त्या 'बहुतेक'वर नेने तीन दिवस बाकावर बसून होते.

*

तिसऱ्या दिवशी सोडियम बरंच वर आलं. एक तरुण बंगाली डॉक्टर फाइल घेऊन तपासायला आला. आम्ही सगळे कॉटभोवती उभे. वार विचारला, वहिनींनी बरोबर सांगितला. शहर सांगितलं. मग त्यानं नेन्यांकडे बोट दाखवलं.

"मासिमा, इनि के?" मावशी, हे कोण?

वहिनी म्हणाल्या, "इनि? इनि तो इनि!" हे? हे म्हणजे हेच!

"नाम की?"

वहिनी गप्प. मान खाली. डॉक्टरनं पुन्हा विचारलं, हिंदीतही विचारलं. वहिनी चादरीची कड चाचपत बसल्या. डॉक्टरनं फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि हळूच म्हणाला की स्वतःच्या नवऱ्याचं नाव आठवत नाही, ही खूण चांगली नाही. नेने भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. मोठा सहा फुटी माणूस, गदागदा हलत होता.

तेवढ्यात शैला सगळ्यांना बाजूला सारत पुढे झाली. "अहो, रडताय काय! वाईच्या भटांची मुलगी ती! पन्नास वर्षांत तुमचं नाव तोंडानं घेतलंय का कधी तिनं? असं चारचौघांत नुसतं विचारून घेईल होय?" आणि वहिनींच्या कानाशी वाकून म्हणाली, "वहिनी, उखाण्यात घ्या."

वहिनींनी पदर सारखा केला. सलाईनचा हात जपून उशीवर ठेवला. डॉक्टरकडे बघितलं, नेन्यांच्या पाठीकडे बघितलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"घरी म्हणतात मीठ सोडा, इथे बाटलीनं चढवतात,
मधुकरराव रडून रडून आपलंच मीठ घालवतात!"

आम्ही टाळ्यांचा कडकडाट केला. बर्वे "वा, वा!" ओरडले. नेने वळले आणि आता तर हुंदके देऊन रडायला लागले.

डॉक्टर पेन हातात धरून आळीपाळीनं आमच्या सगळ्यांकडे बघत होता. मग त्यानं फाइल उघडली आणि खाली मान घालून बराच वेळ लिहिलं. तो गेल्यावर मी पायथ्याशी अडकवलेली ती फाइल वाचली. इंग्रजीत लिहिलं होतं,

"कन्फ्यूजन वाढलं आहे. पेशंट आता कविता म्हणते. नातेवाईक टाळ्या वाजवतात."