होडीला पाजलेलं पाणी

डोंगरसिंगचा बाप गाडीवान, आजा बैलांच्या पाठीवर मीठ वाहणारा. पाण्याशी घराण्याचा संबंध बैलांना पाजण्यापुरता. तरी उमरखेडकडच्या एका धरणावर शिडाच्या होडीची राखण याच्याकडे आली, आणि गड्याने ती अशी जपली की त्याची बायको जमनी होडीला सवतच म्हणायची.

होडी जुनी, लाकडी. पोटाखाली बिडाचा जड कणा. वारा आडवा आला तरी तो तिला कलंडू देत नाही. हा सगळा कणा लोखंडी बोल्टांवर टांगलेला. आत तळाशी, नटांखाली जाड पट्ट्या. डोंगरसिंग पाना लावून बघायचा. नट तसूभर हलत नसे. पट्ट्यांवर तांबूस ओघळ दिसला की घासून रंग फासायचा. नि उन्हाळ्यात होडी काठावर घेतली की तळात कळशीने पाणी ओतून ठेवायचा. गाडीच्या चाकाला पाणी पाजलं की लाकूड फुगतं, त्याच्या कडेची लोखंडी धाव घट्ट बसते, हे बापाने शिकवलेलं. होडी म्हणजे तरी काय, लाकूड नि लोखंडच!

याच होडीत त्याची लेक रंजिता शीड धरायला शिकली, आणि आता तांड्यातल्या पोरींना शिकवत होती.

यंदा होडी पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी रंजिता तळाशी वाकली. "बा, एक बोल्ट काढून पाहू."

"काहून? घट्ट हाय ना! कालच पाह्यला मी."

"घट्ट हाय, पण आतून कसा हाय?"

डोंगरसिंगला राग आला. पण लेकीपुढे कोणाचं चाललंय? पान्याला नळी लावून दोघांनी जोर केला. नट सुटला नाही, बोल्टच तुटून वर आला. वरचे आटे चकचकीत, आणि तुटला तिथे गंजून बाभळीच्या काट्याएवढा बारीक. वरून कीर्तन, आतून तमाशा. दुसराही तसाच निघाला.

रंजिताने पट्टीखाली बोट घातलं. "इथं एवढी ओल कायची?"

"मीच पाणी टाकतो. लाकूड फुगाले. तुह्यासाठीच, बाई."

मागच्या दिवाळीत होडी वाऱ्याने पार एका अंगावर झुकली होती. पोरी खिदळत होत्या आणि हा काठावरून ऐटीत हात हलवत होता. ते डोंगरसिंगला आठवलं. तेव्हाही कणा याच बोल्टांवर टांगलेला होता.

रंजिताने त्याच्या हातातला पाना घेऊन आपल्या पिशवीत टाकला. "बा, तू नुसती राखण कर. होडीले हात नको लावू आता."

ती हळूच बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी अंगणात दमणीचं, बापाच्या वेळच्या हलक्या बैलगाडीचं, चाक उन्हाने तडकायला आलं होतं. "पाणी टाका जी चाकाले," जमनी म्हणाली, "नाही त धाव निसटन."

खरंच होतं तिचं. चाकाला पाणीच हवं होतं. डोंगरसिंगने कळशी भरली, चाकापर्यंत नेली, आणि हातात धरून नुसताच उभा राहिला.

"टाका ना," जमनी म्हणाली. त्याचा हात काही वाकेना.