आतून उघडते काय?

आज सकाळी माझे मामा गेले आणि मी त्यांच्याच गच्चीवर उभी राहून ऑफिसच्या मेलला उत्तर लिहितेय.

खाली अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या घरात बायका बसल्यात. आई मामीजवळ आहे. मला बसवत नाही. बसले की उठते, उठले की जिना, वर आले की पुन्हा फोन.

मेल छोटा आहे. सॉरी फॉर युअर लॉस. पाच वाजेपर्यंत अप्रूव्हल पाठवता आलं तर बरं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी पुण्यात एका कंपनीत इलेक्ट्रिक गाडीची पुढची डिक्की डिझाइन करते. इंजिन नसल्यामुळे बॉनेटखाली जागा उरते ना, ती. अमरावतीचे नातेवाईक अजून विचारतात, "मंग मागची कोण करते?"

आणि मामा पेट्या करायचे. पत्र्याच्या. गाद्या-गोधड्या मावतील अशा मोठ्या, लग्नात मुलीसोबत द्यायच्या.

दोन उन्हाळ्यांमागे टेस्टिंगची गाडी घेऊन आमची टीम अकोल्यात होती. गाडी उन्हात भाजून बघायची तर अकोल्याशिवाय आहेच काय!

एका दुपारी मी ती सरळ मामांच्या दुकानासमोर नेऊन उभी केली. परवानगी नव्हती. साहेब वाचत असतील तर वाचोत.

मामांनी बॉनेट वर केलं.

"इंजिन कुठी गेलं व?"

"नाहीच आहे मामा. ही डिक्की आहे. मी केली."

त्यांनी चष्मा पुसला. काठावरून अंगठा फिरवला, चारही बाजूंनी. पत्रा हाताला लागतो का बघायची सवय. इथं प्लास्टिक होतं, तरी फिरवला. झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"मस्त केली. आतून उघडते काय?"

मला हसू आलं. "आतून कोण उघडणार मामा? बॅगा?"

मामा हसले नाहीत.

"तू," ते म्हणाले. "पाच वर्षाची व्हती तू."

मी विसरले नव्हते. पण आठवतही नव्हते, असं काहीतरी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अकोल्याला यायचे. लपाछपी खेळताना दुकानातल्या एका नव्या कोऱ्या पेटीत जाऊन बसले. झाकण पडलं, खटका आपोआप बसला. बाहेर ठोकाठोकी चाललेली, माझं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? चहा आला म्हणून मामांनी हातोडी खाली ठेवली, तेव्हा ऐकू गेलं.

मला आता फक्त पत्र्याचा वास आठवतो. आणि गरम.

त्यानंतर मामांनी केलेल्या प्रत्येक मोठ्या पेटीत आतून एक पट्टी असायची. ढकलली की खटका सुटायचा. गिऱ्हाइकं टिंगल करायची.

पातूरचे एक काका मुलीच्या लग्नाची पेटी न्यायला आले होते. म्हणाले, "काहून जी, गोधड्या काय चालत बाहीर येतात?"

"येऊ द्या ना," मामा म्हणाले. "तुमचं काय जाते?"

काका दुसऱ्या दुकानात गेले. असे बरेच गेले. मामांनी पट्टी सोडली नाही.

आता खरं सांगते.

हँडल होतं.

पहिल्या ड्रॉइंगमध्ये डिक्कीच्या आत हँडल होतं. अंधारात चमकणारं, ओढलं की झाकण उघडणारं. ते मीच काढून टाकलं. त्याच्या केबलसाठी भोक पाडावं लागायचं आणि पाण्याच्या टेस्टला नेमकं तिथूनच गळायचं. दोनदा फेल झाले. तिसऱ्यांदा हँडलच काढून टाकलं आणि पास. मीटिंगमध्ये कौतुकसुद्धा झालं माझं.

पेटीत कोंडली गेलेली पोरगी पेट्या करायला शिकते आणि आतली कडी स्वतःच्या हातानं काढून टाकते. काय म्हणावं अशा माणसाला?

मामांच्या त्या प्रश्नानंतर पुण्याला जाऊन हँडल परत बसवलं. परत गळलं. रबर बदललं, जागा बदलली. कमी गळलं, पण गळलंच. तोवर लाँच जवळ आलं आणि सगळ्यांचं ठरलं, हँडलशिवाय जाऊ द्या.

"एवढ्याशा जागेत बसणार कोण?"

मी म्हटलं, मी बसले होते. लोकांना वाटलं गंमत करतेय.

फक्त माझी सही राहिली होती. आज देते, उद्या देते करत मी ढकलत राहिले.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात मामांना भेटले. त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. मला वाटलं पाणी हवंय.

"ते आतली कडी... लावली काय व?"

"लावली मामा."

"मंग बरं झालं." आणि डोळे मिटून घेतले.

खोटं बोलले मी. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून बोलले, असं आठवडाभर स्वतःला समजावतेय. तसं नव्हतं ते. मला त्या प्रश्नातून सुटायचं होतं.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतात. दर वेळी निघताना ते वाकायचे आणि मी ओशाळून मागे सरकायचे. आज पहिल्यांदा मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मागे सरकायला ते नव्हते. फार रडले.

साडेचार वाजलेत. खालून आई हाक मारतेय, "काय करून राह्यली व वर? दोन घोट चहा तरी घे."

आले म्हटलं.

मेलला उत्तर पाठवलं. नॉट अप्रूव्ह्ड. आतून उघडणारं हँडल बसल्याशिवाय माझी सही मिळणार नाही.

लगेच फोन सुरू झाले. साहेबांचा, मग त्यांच्या साहेबांचा. लाँच पुढे जाईल, नाहीतर माझ्या जागी दुसरं कुणी सही करेल आणि मी घरी बसेन. पण उचलणार आहे फोन. जे सांगायचं ते बोलूनच सांगेन, पेटीची गोष्टसुद्धा.

मामा, लावली नव्हती.

आता लावते.

या तुम्ही.