नसलेल्या दाराची कडी

नवऱ्याची कलकत्त्याला बदली झाली त्या वर्षी दुपारी मला बालीगंजचं घर खायला उठायचं. मराठी बोलायला आसपास कुणी नाही. म्हणून मी जवळच्या कलादालनात जाऊन बसायची. तिथे एका शिल्पकाराचं आयुष्यभराचं काम मांडलं होतं. शेवटच्या दालनात तर त्याने मातीचं अख्खं घर उभारलं होतं. आपण सरळ आत शिरायचं, भिंतींना हात लावायचा. दाराच्या जागी नुसती मोकळी चौकट होती.

एक म्हाताऱ्या बाई तिथे रोज यायच्या. चपला बाहेर काढून चुलीपाशी बसायच्या. भिंतीला चीर दिसली की बोट ओलं करून लिंपायच्या. राखणदार तेवढ्यापुरतं तोंड फिरवायचा. निघताना त्या चौकटीत उभ्या राहून नसलेलं दार ओढून घ्यायच्या आणि हात उंच करून कडी लावायच्या. मला आधी हसूच यायचं.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी त्या कडी न लावताच निघाल्या. मला राहवेना. मी तिथल्या रीतीने मावशी म्हणून हाक मारली.

"माशिमा, आज दार उघडंच?"

त्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "फाळणीत घर सोडलं, तेव्हा चार दिवसांत परत येऊ म्हणून कडी लावली होती. कडी लावली की घर वाट बघत बसतं, दीदी. याला तर उद्या पाडणार."

त्या गेल्या. थोड्या वेळाने मीही उठले आणि त्या मोकळ्या चौकटीतून अंग चोरून बाहेर पडले. उघड्या दाराला माझा धक्का लागायला नको होता.